निवाडा आणि निवेदन : भूमिकाखेळातील नवोदित सूत्रधारापुढील नियमप्रश्नांची चिकित्सा

प्रास्ताविक

टेबलाभोवती बसून, फासे आणि कागद-पेन्सिल एवढ्याच साधनांवर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाला पन्नास वर्षे होऊन गेली. तरीही मराठी समीक्षेने या प्रकाराची दखल जवळजवळ घेतलेली नाही. तो नाटकात बसत नाही, कथेत बसत नाही आणि 'खेळ' म्हटला की अभ्यासविषयांच्या यादीतून आपोआप गळतो. वस्तुतः या प्रकाराच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न साहित्याच्या, न्यायशास्त्राच्या आणि प्रयोगकलेच्या अभ्यासकांना सारखाच परिचित आहे. लिखित नियम आणि बोलता प्रसंग यांची गाठ पडते तेव्हा अर्थ कोणी लावायचा, हा तो प्रश्न होय.

या खेळाची मांडणी थोडक्यात अशी. चार-पाच खेळाडू एकेक काल्पनिक पात्र धारण करतात. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो जग उभे करतो, उरलेल्या सर्व पात्रांच्या तोंडून बोलतो आणि खेळाडूंनी जाहीर केलेल्या कृतीचे फळ काय, याचा निवाडा देतो. इंग्रजीत त्याला 'गेम मास्टर' किंवा 'डन्जन मास्टर' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याच्यासाठी 'सूत्रधार' ही संज्ञा योजली आहे; ती कितपत योग्य, याचा विचार पुढे येईलच.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पावा. कथानक लोअर परळचे, काळ १९८२ च्या संपानंतरचा. बंद पडलेल्या गिरणीत दडवलेली एक हजेरीवही मिळवण्यासाठी चार पात्रे रात्री कुंपणाची भिंत चढून आत शिरतात. आत रखवालदार आहे. त्रासन खाते, साचे खाते आणि गोदाम अशा तीन जागा ओलांडायच्या आहेत. एक खेळाडू विचारतो, "भोंग्याच्या खांबाला दोर बांधून वरूनच जाता येईल का?" नियमपुस्तकात भोंगा नाही. सगळे सूत्रधाराकडे पाहतात. नवोदिताची परीक्षा येथे सुरू होते.

फासा केव्हा टाकायचा

नवोदित सूत्रधाराचे बहुतेक प्रश्न 'नियम काय आहे' असे येतात. त्यांतील बरेचसे मुळात 'नियम केव्हा लावायचा' असे असतात, आणि हा भेद लक्षात न आल्याने होणारी हानी गणिताने दाखवता येते.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या सर्वाधिक प्रसार झालेल्या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत मूळ नियम साधा आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा अधिकांक मिळवायचा आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या काठिण्यांकाइतकी किंवा त्याहून अधिक आली तर कृती यशस्वी. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०, जवळजवळ अशक्य कामाला ३०. अधिकांक ५ आणि काठिण्यांक १५ असेल तर फाशावर १० किंवा अधिक यावे लागते. म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के.

आता गिरणीकडे वळू. रखवालदाराला चाहूल न लागता तीन जागा ओलांडायच्या, म्हणून नवोदित सूत्रधार एकाच पात्राला तीन वेळा फासा टाकायला लावतो. तीनही वेळा यश येण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांवर उतरते. चारही पात्रांना प्रत्येकी एकदा फासा टाकायला लावून एकाही अपयशाला सर्वांचे अपयश मानले, तर ती जेमतेम ९ टक्के राहते. याउलट त्याच पुस्तकातील सामूहिक कसोटीचा नियम वापरला, म्हणजे निम्म्या किंवा अधिक पात्रांचे यश हे गटाचे यश मानले, तर तीच शक्यता सुमारे ७६ टक्के होते. पात्रे तीच, भिंत तीच, काठिण्यांकही तोच. एका निवडीत ९ आणि ७६ एवढे अंतर पडते, आणि ही निवड करणाऱ्याला आपण काही निवडले आहे याची जाणीवही अनेकदा नसते. खेळाडू नशिबाला बोल लावतात. सूत्रधार मनातल्या मनात फाशांना.

फासा वारंवार टाकायला लावण्यामागे बहुधा दुष्टावा नसून संकोच असतो. स्वतःच्या शब्दावर निर्णय देण्याचे धैर्य नसलेला नवोदित निर्णय फाशावर सोपवतो. पुस्तकाची अपेक्षा वेगळी आहे. जेथे निकाल खरोखर अनिश्चित आहे आणि अपयशाला काही अर्थ आहे, तेथेच कसोटी घ्यावी, असे त्यात सुचवलेले आहे. ज्याच्याकडे शिडी आहे आणि वेळही आहे, त्याच्या भिंत चढण्याला फासा कशासाठी? हजेरीवही सापडली नाही तर कथानकच थांबणार असेल, तर तिच्या शोधासाठी फासा टाकणे म्हणजे कथेच्या गळ्याला आपण होऊन फास लावणे होय. ही अडचण ओळखूनच रॉबिन लॉज यांनी २००७ मध्ये मांडलेल्या 'गमशू' या पद्धतीत, योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य जागी शोधू लागले की महत्त्वाचा पुरावा फाशाविना मिळतो. पुरावा मिळेल की नाही हा प्रश्नच तेथे बाद होतो आणि त्याचा अर्थ काय, हा उरतो.

पंचाचा पूर्वेतिहास

नियम थोर की पंच, हा वाद या खेळाला जन्मतःच मिळालेला आहे. प्रशियाच्या लष्करात १८२४ मध्ये धाकट्या राइसविट्झने सिद्ध केलेल्या युद्धखेळात नकाशा, फासे आणि हानीची कोष्टके होती, आणि दोन्ही पक्षांचे आदेश ऐकून निकाल सांगणारा पंचही होता. कोष्टकांचा पसारा वाढत गेला, तसा खेळ अधिकाऱ्यांना नकोसा झाला. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्नुआ याने उलटे टोक गाठले. अनुभवी अधिकारी पंच असेल तर कोष्टकांचे ओझे हवेच कशाला, त्याच्या विवेकावर निकाल सोपवावा, अशी त्याची भूमिका होती. मात्र हा पंच रणभूमी पाहिलेला होता. त्याच्या विवेकाला अनुभवाचे तारण होते.

अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांच्या 'स्ट्रॅटेगॉस' (१८८०) या ग्रंथावरून डेव्हिड वेसली यांनी पंचाची कल्पना उचलली आणि १९६९ मध्ये 'ब्राउनस्टाइन' हा प्रयोग केला. त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी एका काल्पनिक जर्मन गावातील वेगवेगळ्या व्यक्ती दिल्या गेल्या. खेळाडू नियमांबाहेरच्या गोष्टी करू लागले, गोंधळ माजला आणि वेसलींना प्रयोग फसल्यासारखे वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नसन यांनी तो धागा पुढे नेला आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. तीन छोट्या पुस्तिकांचा तो संच ज्याला युद्धखेळांची सवय आहे अशा वाचकासाठी लिहिलेला होता. ज्याला ती सवय नव्हती, त्याने रिकाम्या जागा स्वतः भरल्या. आजचा नवोदित सूत्रधार त्याच वाचकाचा वारस आहे. व्हर्नुआच्या पंचाचे अधिकार त्याला मिळाले आहेत. पंचाचा अनुभव मिळालेला नाही.

गुणलेखकाचा विवेक आणि द्रौपदीचा प्रश्न

सूत्रधाराचा शब्द अंतिम, असे जवळपास प्रत्येक नियमपुस्तक सांगते. यावरून 'सूत्रधार म्हणेल तोच नियम' असा निष्कर्ष नवोदित काढतो, आणि त्याच्याशी हुज्जत घालणारा नियमपंडित खेळाडूही रागाच्या भरात हेच म्हणतो. दोघेही एकच चूक करतात. हर्बर्ट हार्ट यांनी 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' (१९६१) या ग्रंथात ती खेळाच्याच उदाहरणाने उलगडली आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असणे वेगळे आणि गुण देण्याचा नियम म्हणजेच गुणलेखकाची लहर असणे वेगळे. पहिल्या प्रकारात गुणलेखक चुकू शकतो. त्याची चूक निस्तरता येत नाही एवढेच. दुसऱ्या प्रकारात चूक हा शब्दच निरर्थक ठरतो, आणि तो खेळ निराळाच होतो. नियमांच्या शब्दांना एक निश्चित गाभा असतो आणि त्याभोवती संदिग्धतेची कड असते, हे हार्ट यांचे प्रतिपादनही येथे लागू पडते. 'दोराने चढणे' हा गाभा. 'भोंग्याच्या गंजलेल्या खांबाला दोर बांधणे' ही कड. कडेवर सूत्रधाराने विवेक वापरावा. गाभ्यावर वापरला, तर खेळाडूच्या पायाखालची जमीन जाते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत भेदक रूप सभापर्वात आहे. द्यूत सुरू होण्यापूर्वीच एक नियमप्रश्न निघतो. पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनी टाकणार, हे युधिष्ठिराला विषम वाटते. तो तसे बोलूनही दाखवतो आणि मग खेळायला बसतो. पुढे द्रौपदी विचारते की युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की तिला. हाही काटेकोर अर्थाने नियमप्रश्नच आहे. स्वतःला हरलेल्याचा पण लावण्याचा अधिकार शिल्लक राहतो काय, एवढेच ती विचारते. सभेतील ज्येष्ठतम पंच भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निवाडा टाळतात. तो देण्याचे धैर्य वयाने लहान असलेला विकर्ण दाखवतो. हा प्रश्न त्या प्रसंगी विचारण्यात द्रौपदीचे शहाणपण होते का, याची इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) केलेली कठोर चिकित्सा प्रसिद्धच आहे. प्रश्नकर्तीची चिकित्सा झाली तेवढी पंचाच्या मौनाची झाली नाही, असे मात्र म्हणावेसे वाटते. नवोदित सूत्रधाराच्या बाबतीत चुकीच्या निवाड्यापेक्षा न दिलेला निवाडाच अधिक घातक ठरतो. पुस्तक चाळण्यात पंधरा मिनिटे जातात, टेबलावरचा प्रसंग विझतो आणि प्रश्न विचारणारा खेळाडू पुढच्या वेळी विचारतच नाही.

नियमपुस्तके कोणासाठी लिहिली गेली

या दृष्टीने प्रमुख नियमपुस्तकांची रचना पाहिली की त्यांचा कल्पित वाचक उघड होतो. गायगॅक्स यांच्या १९७९ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाच्या आत्म्याला जपण्याचा सल्ला आहे. त्याच पुस्तकात बारीकसारीक गोष्टींची कोष्टके आहेत आणि ते खेळाडूंच्या दृष्टीस पडू नये असा आग्रहही आहे. ज्ञान लपवून अधिकार टिकवण्याची ही जुनी गुरुकुली रीत होय. गायगॅक्स यांचे गद्य वाचनीय आहे, पण शिकवणारे नाही.

२०१४ च्या मार्गदर्शक ग्रंथाचा दोष वेगळा आहे. तो विश्वरचनेपासून आरंभ होतो. देवदेवता, लोक-लोकांतरे, राज्यपद्धती यांचा विस्तार आधी येतो, आणि प्रत्यक्ष खेळ चालवावा कसा, हे आठव्या प्रकरणात सांगितले जाते. ज्याला आज संध्याकाळी चार मित्रांपुढे बसायचे आहे, त्याला या क्रमाचा उपयोग नाही. २०२४ च्या आवृत्तीत हा क्रम बदलला. आरंभी मूलतत्त्वे आणि लगेच दुसऱ्या प्रकरणात खेळ चालवण्याचे तंत्र आले. दहा वर्षांनी केलेली ही दुरुस्ती म्हणजे मूळ दोषाची कबुलीच म्हणावी लागेल.

व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या पुस्तकाची दिशा याहून मूलगामी आहे. तेथे सूत्रधाराने काय साधायचे, कोणती तत्त्वे पाळायची आणि त्याची पाळी आली की कोणत्या चालींतून निवड करायची, हे नियमांइतक्याच बंधनकारक स्वरूपात लिहिले आहे. सूत्रधार नियमांच्या वर बसत नाही. तोही नियमांखाली येतो. सहा बाजूंचे दोन फासे टाकल्यावर बेरीज १० किंवा अधिक आली तर पूर्ण यश, ७ ते ९ आली तर किंमत मोजून यश आणि ६ किंवा कमी आली तर सूत्रधाराची चाल. अधिकांक नसेल तर या शक्यता अनुक्रमे सुमारे १७, ४२ आणि ४२ टक्के होतात. किंमत मोजून मिळणारे यश वारंवार येत असल्याने प्रत्येक फाशानंतर कथेला काही तरी घडते. नवोदिताला हे पुस्तक सोपे वाटेलच असे नाही, कारण किंमत कोणती, हे त्यालाच तत्काळ सुचावे लागते. पण निदान त्याच्यापुढचा प्रश्न योग्य असतो.

सूत्रधार, नाईक आणि क्रियापद

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा सूत्रधार रंगमंचावर राहून पदांमधून कथानक पुढे नेई आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. दक्षिण कोकणच्या दशावतारात आजही लिखित संहितेची परंपरा नाही. आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद प्रयोगात सुचतात. कोकणातून गिरण्यांत आलेल्या कामगारांनी ही आवड परळ-लालबागच्या चाळींत आणली, आणि तमाशाच्या वगातील हजरजबाबी संवादांचा रसिकही याच वस्तीत होता. तेव्हा लोअर परळमध्ये भूमिकाखेळ मांडणाऱ्या तरुणाला उत्स्फूर्त संवादाची कला सातासमुद्रापलीकडून आणावी लागत नाही.

हे साम्य ताणू मात्र नये. दशावतारात आख्यानाचा शेवट नटांना आणि प्रेक्षकांना ठाऊक असतो. स्वातंत्र्य वाटेत असते, मुक्कामात नसते. भूमिकाखेळात मुक्कामच अनिश्चित असतो, आणि तो ठाऊक असल्यासारखे वागणाऱ्या सूत्रधारावर खेळाडूंना रुळांवरून ढकलत नेल्याचा आरोप होतो. भाव्यांचा सूत्रधार निवाडा देत नाही, तो निवेदन करतो. निवाडा आणि निवेदन ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली, हेच या खेळाचे वेगळेपण आणि नवोदिताच्या अडचणीचे मूळही.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. नियम इंग्रजीत आणि खेळ मराठीत, किंवा खरे तर मुंबईच्या मिश्र मराठीत, अशी स्थिती असते. इंग्रजी खेळाडू आपल्या पात्राविषयी बोलताना क्रियापदाला लिंग लावत नाही. मराठीत पुरुष खेळाडूने स्त्री-पात्र घेतले की पहिल्याच वाक्यात त्याला 'मी दार उघडतो' की 'मी दार उघडते' हे ठरवावे लागते. दशावतारातील स्त्री-पार्टी करणाऱ्या नटाला जे वेशभूषेसह मिळते, ते या खेळाडूला केवळ एका प्रत्ययाने पेलायचे असते. अनेक जण 'ती दार उघडते' असा तृतीयपुरुषी आडोसा घेतात. त्यात काही वावगे नाही, पण नवोदित सूत्रधाराने हा संकोच ओळखला पाहिजे. तसेच संबोधनाचे. रखवालदाराशी बोलणारा खेळाडू 'अरे' म्हणतो, 'मामा' म्हणतो की 'ओ साहेब', यावर त्या संवादाचे पारडे झुकते. इंग्रजी पुस्तकाच्या 'यू'ला याची गंधवार्ता नाही. तेथे मन वळवण्याचे कौशल्य म्हणजे पात्राच्या कागदावरील एक अंक. मराठीत खेळणाऱ्या सूत्रधाराने योग्य संबोधनाला काठिण्यांकात सूट द्यावी की फासाच टाळावा, हा नियमप्रश्न कोणत्याही अनुवादाआधी विचारायला हवा. अनुवादाला आता परवान्याची अडचण उरलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला आहे. 'चेक'ला कसोटी म्हणता येईल. 'सेव्हिंग थ्रो'ला काय म्हणायचे, यावर मात्र डोके खाजवावे लागेल.

संपाचा काठिण्यांक

आरंभीच्या गिरणीकडे पुन्हा पाहणे आवश्यक आहे, कारण तेथे नियमप्रश्नाचे स्वरूपच पालटते. समजा, हजेरीवही हाती लागल्यावर एक खेळाडू म्हणतो की तिच्यातील बदली कामगारांच्या नोंदी कामगारांच्या सभेत वाचून तो संपाला नवा जोर देणार आहे. त्याचे वक्तृत्व चांगले आहे, अधिकांक मोठा आहे. आता काठिण्यांक किती?

सूत्रधाराने २० म्हटले तर संप जिंकता येण्याजोगा होता, असे त्याने सांगितले. ३० म्हटले तर तो जवळजवळ हरलेलाच होता. फासा टाकूच दिला नाही तर कामगारांच्या कृतीने काही बदलणारच नव्हते, असे विधान झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांना कवेत घेणाऱ्या संपाविषयी अभ्यासकांत जे मतभेद आहेत, ते सर्व येथे एका आकड्यात येऊन बसतात. अद्भुतरम्य कथेतील राक्षसाचा काठिण्यांक ठरवताना इतिहासाचे उत्तरदायित्व नसते. येथे ते आहे. जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने (१९९७) संपानंतरच्या एका कुटुंबाची जी पडझड दाखवली, ती ना. म. जोशी मार्गावरच्या कित्येक घरांनी सोसली आहे. टेबलाभोवतीच्या एखाद्याचे आजोबा त्याच बदली यादीत असू शकतात.

अशा विषयासाठी खेळापूर्वीची बैठक हा उपाय अलीकडच्या पुस्तकांत आला आहे. काय खेळायचे, काय वगळायचे आणि कोणत्या गोष्टी पडद्याआड ठेवायच्या, हे त्यात सर्वांनी आधी ठरवायचे असते. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये त्यावर स्वतंत्र भाग आहे. जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्डही उपयोगी पडते. त्या पत्त्याला कोणी हात लावला की चालू प्रसंग कारण न विचारता बदलायचा. या साधनांची थट्टा करणारे जुने खेळाडू भेटतात, आणि खरोखरच पऱ्यांच्या राज्यात ती कधी कधी अवजड वाटतात. लोअर परळच्या गिरणीत मात्र ती किमान सभ्यता आहे. सूत्रधाराने येथे काठिण्यांक एकट्याने न ठरवता तो टेबलावर मांडावा, त्यामागची कारणे सांगावी आणि आक्षेप ऐकून मगच फासा टाकू द्यावा. नियमपंडित खेळाडूचा एरवी त्रास होतो. अशा वेळी तोच सर्वांत मोलाचा सहकारी ठरतो, कारण आकड्याला कारण मागण्याची सवय त्यालाच असते.

आणखी एक अडचण शेवटच्या सत्राची आहे. विजय किंवा पराभव जाहीर करून कथानक मिटवावे, अशी नवोदिताची स्वाभाविक ओढ असते. १९८२ चा संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. लोक हळूहळू कामावर परतले, गावी गेले किंवा दुसऱ्या धंद्याला लागले आणि गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल व कार्यालये उभी राहिली. या कथानकाचा शेवटचा फासा नेमका कोणत्या प्रसंगाला टाकायचा, याचे कोष्टक उपलब्ध पुस्तकांपैकी एकातही नाही.